ट्रॅक्टरची खांदेमळणी

मी शहरात, गारखेड्यात ब्युटी पार्लर चालवते. खुर्चीत बसलेल्या बाईचा चेहरा बघून तिची रात्री झोप झाली का नाही, घरात वाजलंय का नाही, हे मला कळतं. त्यामुळं कोण खरंच बघतंय आणि कोण नुसतं बघितल्यासारखं करतंय, हेही मी ओळखते. माझी थोरली जाऊ पहिल्यातली. तिला मी आक्का म्हणते. सकाळी ट्रॅक्टरचं तेल ती ज्या नजरेनं बघायची, तसं बघणारं माणूस मी अजून दुसरं पाहिलेलं नाही, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलंय. तिनं 'चल, काहीतरीच' म्हणून उडवून लावलं, तो भाग वेगळा.

आमचं शेत बिडकीनच्या अलीकडं, मोसंबीची बाग. कंपन्यांसाठी जमिनी गेल्या तेव्हा हद्दीची रेघ आमच्या बांधाच्या पलीकडून गेली, म्हणून बाग राहिली. थोरले दीर आजारपणात गेले आणि बाग आक्कावर आली. घरात ती आणि आमचे सासरे, दोघंच. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. बैल म्हातारे झाले होते, गडी मिळत नव्हता, कारण गावातली सगळी तरणी माणसं सकाळी डबा घेऊन कंपनीच्या बसमध्ये बसायची. शेवटी आबांनी बैल सोयऱ्याच्या गोठ्यात दिले. ते गेले त्या दिवशी आबा घराबाहेर आलेच नाहीत, आणि जेवायला बोलवायची कुणाची छातीही झाली नाही.

आमचे हे, म्हणजे माझा नवरा, त्यांचं म्हणणं सरळ होतं. बाग बटईनं, म्हणजे दुसऱ्याला वाट्यानं कसायला द्या, आबा आणि वहिनी दोघंही शहरात आमच्याकडं या, काय ते झाडामागं पळत बसायचं. वाईट हेतूनं म्हणत नव्हते. माणूस चांगलाच आहे, फक्त त्याला वाटतं की आराम दिला म्हणजे सगळं दिलं. आक्का एकदा मला विहिरीपाशी म्हणाली होती, 'तिथं येऊन मी काय करू गं? तुझ्या टीव्हीपुढं बसू?' एवढंच बोलली. पण त्या बाईला त्या बागेशिवाय दुसरं काही उरलेलं नाही, हे मला त्या एका वाक्यात समजलं. घरी येऊन मी ह्यांच्याशी कडाकडा भांडले.

त्या भांडणातून मार्ग निघाला तो असा. छोटा ट्रॅक्टर घ्यायचा, मोसंबीच्या फांद्यांखालून जाणारा. आक्कानं तो शिकायचा, चालवायचा, आणि एक हंगाम काढून दाखवायचा. फळ उतरेपर्यंत ट्रॅक्टर नीट चालला, फवारण्या वेळेवर झाल्या, तर बाग तिच्याकडं. मध्येच बंद पडला, तर बटई. आबा एकटे ठामपणे तिच्या बाजूला होते. ते म्हणाले, करंल ती. बाकी भावकी तोंडावर हसत होती आणि पाठीमागं नव्याचे नऊ दिवस म्हणत होती.

ट्रॅक्टर आला त्या दिवशी मी गावातच होते. शोरूमचा मिस्त्री बरोबर आला होता, मोठा गोड माणूस, अर्धं मराठी आणि अर्धं दखनी बोलणारा. गावातल्या माणसांना तो ट्रॅक्टर पळतो किती, ओढतो किती, हे विचारायचं होतं. आक्काला विचारायचं होतं, हा आजारी पडायला लागला तर मला आधी कशावरून कळेल? हा प्रश्न ऐकून मिस्त्रीनं बाकीच्यांना बाजूला सारून तिला इंजिनापाशी नेलं.

त्यानं दाखवलं ते मीही पाहिलं, पण माझ्या या कानातून शिरून त्या कानातून गेलं असतं, आक्कामुळं राहिलं. सकाळी इंजिन गार असताना बघायचं. काडी, म्हणजे ती तेल मोजायची लांब पट्टी, ओढायची, पुसायची, परत पूर्ण घालायची आणि मग ओढून बघायची. दोन खुणांच्या मधे तेल पाहिजे. आणि ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा पाहिजे. मिस्त्री म्हणाला, 'भाभी, गाडी उतार पे खडी रही तो काडी झूट बोलती.' हायड्रॉलिकचं तेल वेगळं, सीटच्या मागं. मागच्या लिफ्टचे दोन हात ज्याच्या जोरावर उचलतात ते तेल. ते बघताना लिफ्ट खाली टेकवायची, नाहीतर थोडं तेल वरच अडकून राहतं आणि कमी दिसतं.

आक्कानं सगळं ऐकलं आणि त्याच्यासमोर स्वतः करून दाखवलं. मग घरात जाऊन खोकल्याच्या औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या गरम पाण्यानं धुऊन, उन्हात सुकवून आणल्या आणि मिस्त्रीला म्हणाली, दोन्ही तेलं यात थोडी थोडी द्या, कोरी. मिस्त्रीनं विचारलं, कशाला? तर म्हणाली, चांगलं कसं दिसतं ते आज बघून ठेवते, म्हणजे बिघडलेलं ओळखता येईल. मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, माझ्याकडं काय बघता, माझी जाऊ आहे ती. मला त्या क्षणी एवढा अभिमान वाटला की मी उगीचच सगळ्यांना दुसऱ्यांदा चहा केला.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गावी गेले तेव्हा सकाळचा तो कार्यक्रम बघायला मुद्दाम उठून बसायचे. आक्का गोठ्यापुढच्या फरशीवर यायची. तिथली जागा तिनं स्वतः पाण्याची नळी लावून सपाट करून घेतली होती. हातात आबांच्या जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा. धोतरच का, तर त्याचे धागे सुटत नाहीत आणि पांढऱ्यावर रंग खरा दिसतो. काडी ओढायची, पुसायची, घालायची, परत ओढायची. मग काडी आडवी धरायची आणि उजेडाकडं तोंड करून उभी राहायची. बोटाला थेंब लावून अंगठ्यानं चोळायची, कणी लागते का बघायची. मग वास. मग एक थेंब धोतरावर टेकवून तो कसा पसरतो ते बघत बसायची. तोवर मला चहा गार झाल्याचं लक्षातही यायचं नाही.

मी चिडवायचे तिला. म्हणायचे, अक्षता तेवढ्या टाकायच्या राहिल्यात, टाक की. ती हसायची पण हात थांबवायची नाही. बाई घाईत कधी दिसलीच नाही मला. आमच्या पार्लरमध्ये मुलगी वॅक्स नीट तापलंय का हे न बघताच पट्टी लावते आणि मग गिऱ्हाईक किंचाळतं. मी त्या पोरींना आक्काकडं आठ दिवस ठेवायला पाहिजे होतं.

थोडे दिवस गेले आणि इंजिनचं तेल काळं पडलं. आधी मधासारखं होतं, ते एकदम डांबरासारखं. शेजारचे एक काका काडी बघून म्हणाले, गेलं इंजिन, बाईमाणसाच्या हातात मशीन दिली की असंच. ह्यांचाही शहरातून फोन, तेल बदलून टाका, ट्रॅक्टर उभा करा. आक्कानं तेल चोळून पाहिलं, वास घेतला, धोतरावर थेंब टेकवला आणि म्हणाली, काळं झालंय पण अंगानं पातळ झालेलं नाही, डिझेलचा वास नाही, दुधासारखं पांढरं नाही. इंजिनाची काजळी धुतंय ते, त्याचं कामच आहे. मिस्त्रीला फोन करून विचारलं तर तो म्हणाला, भाभी बरोबर बोलती, पहिल्या सर्व्हिसला या. काका दोन दिवस आमच्या रस्त्यानं आलेच नाहीत. मला भारी आनंद झाला, कशाला लपवू.

आबांचं मात्र वेगळंच. त्यांचा जीव त्या ट्रॅक्टरवर हळूहळू बसला. आधी लांबून बघायचे, मग बाज उचलून गोठ्याच्या तोंडाशी आणली, मग जाता-येता बोनेटवर थाप मारायला लागले. चालवायला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. आक्का बागेतून येऊन ट्रॅक्टर बंद करायची तेव्हा इंजिनाची ऊब जाईपर्यंत हे तिथंच उभे. म्हणायचे, दमलाय. आक्काही म्हणायची, व्हय आबा, लई दमलाय. त्या दोघांचं असं चालायचं.

पोळा आला. आंबे बहाराचं, म्हणजे थंडी सरताना फुललेल्या मोसंबीचं फळ झाडावर लगडलं होतं, पण अजून हिरवं, उतरायला वेळ होता. आणि त्या दिवसांत मोसंबीला पतंग लागतो. फळाला टोचून रस पितो आणि फळ गळून पडतं. पोळ्यानंतर लगेच मोठी फवारणी करायची होती. तोवर हंगाम नीट चालला होता, तरी ह्यांनी पलीकडच्या गावच्या एका बटईवाल्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाग बघायला बोलावून ठेवलं. म्हणाले, नुसतं बघू दे, बोलून ठेवायला काय जातंय. म्हणजे ट्रॅक्टर जरा कुठं अडखळला की सौदा तयार. आक्काला हे माहीत होतं. त्या दिवशी भाकरी थापताना तिचा हात नेहमीपेक्षा जोरात पडत होता.

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टा पडलेला असतो, त्याला हळद घातलेलं कोमट तूप चोळायचं, पळसाच्या पानानं शेकायचं आणि कानाशी तोंड नेऊन म्हणायचं, आज आवतण घे, उद्या जेवायला ये. आबांनी जन्मभर हे केलेलं. यंदा गोठ्यात बैल नव्हते. मला वाटलं आता हे नाराज होऊन बसतील. तर ते चुलीपाशी येऊन मला म्हणाले, तूप गरम कर, हळद घाल, आणि वाटी मोठी घे.

मी केलं. विड्याचं पान टाकून कढवलेलं घरचं तूप होतं, सगळ्या घरात वास सुटला. आबा वाटी घेऊन गोठ्यात गेले. मी दारातून बघितलं तर ते ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टच्या हातांना तूप चोळत होते, अगदी खांदा चोळावा तसं, अंगठ्यानं दाबून दाबून. मग वाकून त्याला आवतण दिलं. मला हसू आलं आणि डोळ्यात पाणीही आलं, दोन्ही एकदम. मी पुरणाकडं परत वळले. थोड्या वेळानं त्यांनी वाटी आणून दिली, ती चाटून पुसून रिकामी होती.

सकाळी सगळं अंगण गजबजलं. ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा, बोनेटवर झूल, समोर बेगडाची शिंगंसुद्धा बांधलेली. गावात दरवर्षी बैल मिरवत मारुतीपुढं नेतात, मंगलाष्टका म्हणून त्यांचं लग्न लावतात, आणि यंदा आबांचा ट्रॅक्टर त्या मिरवणुकीत जाणार हे आबांनी पारावर जाऊन सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. हलगीवाले दाराशी आले. आमच्या ह्यांनी नवा सदरा घातला. आणि आक्का, सणाचा दिवस असून, नेहमीसारखी धोतराचा तुकडा घेऊन फरशीवर आली.

इंजिनचं तेल बघून तिनं काडी परत ठेवली. मग मागं गेली. हायड्रॉलिकची काडी ओढली आणि तशीच उभी राहिली. मी फुलं बांधत होते, मला तिची पाठ दिसत होती, त्या पाठीवरूनच कळलं की काहीतरी झालंय. तिनं मला खुणेनं बोलावलं आणि काडी माझ्या नाकापुढं धरली. 'वास घे,' म्हणाली.

मी वास घेतला. विड्याचं पान. माझ्याच कढईतलं तूप. काडीवर तेल गढूळ दिसत होतं, त्यात बारीक पिवळे रवे थिजलेले, आणि हळदीची कणी बोटाला लागत होती. आबांनी बाहेरून चोळल्यावर उरलेली वाटी झाकण उघडून आत ओतली होती. लोखंडाच्या खांद्याला वरून चोळून काय पोचणार, असा त्यांचा साधा हिशोब. आक्का रोज तिथंच उघडून बघते, म्हणजे तोंड तिथंच असणार. त्या माणसानं माया केली होती, दुसरं काही नाही.

आक्का मला हळू आवाजात म्हणाली, इंजिन चालू केलं की पंप फिरेल, हे सगळं जाळीत जाऊन बसेल, जाळी तुंबली की पंप कोरडा पडेल, लिफ्ट जाईल. फवारणीची टाकी लिफ्टवरच बसते, म्हणजे फवारणी बोंबलली. उद्या तो बटईवाला येणारच आहे. मी म्हणलं, मग सांग की आबांना आत्ता. तिनं नजरेनंच अंगण दाखवलं. अंगणात अर्धं गाव जमलेलं, आबा फेटा बांधून मधे उभे, आणि त्यांना सांगायचं की तुम्ही तूप ओतून ट्रॅक्टर बिघडवला? ज्या एका माणसानं तिच्यावर भरवसा ठेवला, त्याचं चारचौघांत हसं करायचं? आणि न सांगता चालू करावा, तर स्वतःच्या हातानं स्वतःचा हंगाम बुडवायचा. मी तिच्या जागी असते तर रडायला बसले असते, नाहीतर ओरडायला लागले असते. माझं तोंड काही माझ्या ताब्यात नसतं.

तिनं काडी पुसली, झाकण घट्ट बसवलं, धोतराचा तुकडा कमरेला खोचला आणि अंगणात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, 'पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाय आपण. मग याला का म्हणून कामाला लावायचं? आज इंजिन चालू व्हायचं नाय. ढकलत न्यायचा.'

हलगीवाल्यांतला एक जण हसला आणि म्हणाला, बरोबर हाय की वहिनीचं. आबांचा चेहरा तर असा खुलला की काय सांगू. त्यांनी फेटा सारखा केला आणि म्हणाले, माझ्या ध्यानातच आलं नाय हे. आक्का सीटवर बसली, गिअर मोकळा केला आणि स्टिअरिंग धरलं. मागून दहाबारा माणसं लागली, त्यात आमचे हेही, नवा सदरा घालून. आबा पुढं, बोनेटवर हात ठेवून, वेसण धरल्यासारखे चालत होते.

मारुतीच्या अलीकडं चढ आहे. तिथं सगळ्यांचा घाम निघाला. लोकं हसत होती, एकमेकांना शिव्या देत होती, पण एकानंही हात काढला नाही. मी बाजूनं चालत होते आणि आक्काकडं बघत होते. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. एवढं सगळं पोटात ठेवून ती मंगलाष्टकेला अक्षता टाकत होती. पुरणपोळीचा घास आबांनी बोनेटपाशी ठेवला तेव्हा मात्र ती खाली बघत राहिली. देवळामागं जाऊन तिनं मिस्त्रीला फोन केला, उद्या सकाळी या, तेल आणि जाळी घेऊन या, आणि कशानं झालं ते कुणाला सांगू नका. मलाही शपथ घातली. मी ती पाळायचं कबूल केलं, आणि माझ्यासाठी ते बाळंतपणापेक्षा अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला. त्यानं खालचं बूच काढून तेल घमेल्यात सोडलं. तेल संपत आलं तसं शेवटी पिवळं पिवळं आलं, आणि जाळी बाहेर काढली तर इंजिन न फिरताही तिच्यावर थिजलेल्या तुपाचा लोण्यासारखा थर, वर हळदीची झाक. मिस्त्रीच्या लगेच लक्षात आलं. त्यानं आक्काकडं बघितलं, आक्कानं हळूच नकाराची मान हलवली, आणि तो भला माणूस आपणहून म्हणाला, पाणी गेलं असेल.

नेमका तेव्हाच बटईवाला मोटारसायकलवरून उतरला. उघडलेला ट्रॅक्टर, घमेल्यातलं तेल बघून त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, नवीन गाडी आणि इतक्यात खोलली? बाईमाणसाचं काम नसतं हो हे, पाणीबिणी गेलेलं कळत नाही. आमच्या ह्यांनी आक्काकडं वळून विचारलं, वहिनी, पाणी कसं गेलं? त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण निर्णय झालेला होता. मला तो आवाज ओळखू येतो.

आक्का नुसतं म्हणाली, गेलं असंल. मी तोंड उघडणार तोच तिनं माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. त्या बाईनं तिचा हंगाम, तिची बाग, सगळं तिथं सोडून दिलं होतं, एका म्हाताऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून. मला संताप आला होता, तिचा, ह्यांचा, सगळ्यांचा.

आबा बाजेवरून उठले. हळूहळू घमेल्यापाशी आले, वाकले, त्या पिवळ्यात बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं. मग सरळ होऊन आक्काकडं बघितलं.

'काल ढकलत नेला, तो याच्यासाठी?'

आक्कानं खाली वाकून घमेलं बाजूला ओढलं.

आबा ह्यांच्याकडं वळले. 'पाणीबिणी काय नाय. तूप म्या ओतलं. हिनं काल सकाळीच वळखलं होतं. चालू केला असता तर आज तुझ्या दारात भंगार उभं असतं. माझी लाज राखायला हिनं अख्ख्या गावाला ढकलायला लावलं, आन् आत्ता सोताच्या अंगावर घेती.' एवढं बोलायला त्यांना मधे दोनदा थांबावं लागलं. मग त्या बटईवाल्याला म्हणाले, 'पाहुणं, चहा घ्या. बाग बघायची नाय.'

आमचे हे त्या माणसाला मोटारसायकलपर्यंत सोडून आले, आणि परत आल्यावर सदऱ्याच्या बाह्या वर करून मिस्त्रीच्या हाताखाली तेलाचा डबा धरायला उभे राहिले. मी त्यांना त्या दिवशी मनातल्या मनात सगळं माफ केलं, पण तोंडानं सांगितलं नाही, उगीच चढून जातात.

मिस्त्रीनं आतलं सगळं धुऊन काढलं, नवी जाळी बसवली, नवीन तेल भरलं. स्वच्छ, आरपार दिसणारं. आता चालू करून लिफ्ट वरखाली करायची होती. आबा कधी नव्हे ते सीटवर चढून बसले होते. आपल्या हातानं बिघडलेलं आपल्याच हातानं चालू व्हावं असं त्यांना वाटत असणार. चावीला हात लावला आणि तिथूनच आक्काला विचारलं, 'पोरी, लावू का?'

जन्मभर या माणसानं कुणाला विचारून औत जुंपलं नव्हतं. घरातल्या कुठल्याही बाईला शेतातलं काही विचारलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. आक्काच्या डोळ्यातून तेव्हा पाणी आलं. तिनं ते धोतराच्या तेलकट तुकड्यानंच पुसलं, गालावर डाग पडला, तिचं लक्षही नव्हतं.

'थांबा आबा,' ती म्हणाली. 'आधी काडी बघते.'

आबांनी चावीवरचा हात काढून घेतला आणि थांबले.